औषध मिळत नाही, म्हणजे नेमके काय मिळत नाही? दमा, परागज्वर आणि टंचाईचे दिवस

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने आठ जुन्या औषधांच्या कमाल किमती पन्नास टक्क्यांनी वाढवल्या. त्या आठांत दम्यावरचे सालब्युटामॉल होते: त्याच्या २ आणि ४ मिलिग्रॅमच्या गोळ्या आणि नेब्युलायझरमध्ये, म्हणजे औषधाचे धुके करून ते श्वासावाटे देणाऱ्या यंत्रात, घालायचे द्रावण. अनेकांनी ही बातमी महागाईची म्हणून वाचली आणि पान उलटले. वास्तविक ती टंचाईची बातमी होती. कच्चा माल आणि उत्पादनाचा खर्च वाढत गेला, सरकारने ठरवून दिलेली कमाल किंमत मात्र इतकी खाली राहिली की परवडत नाही म्हणून काही कंपन्यांनी उत्पादन थांबवण्यासाठी अर्ज केले होते, आणि औषध अजिबात न मिळण्यापेक्षा थोडे महाग मिळालेले बरे, असा हिशेब करून ही वाढ देण्यात आली. एखादे औषध फार स्वस्त आहे म्हणूनच बाजारातून नाहीसे होऊ शकते, हे दम्याच्या आणि ॲलर्जीच्या रुग्णाने जाणून असावे, कारण त्याची बरीचशी औषधे जुनी, स्वस्त आणि महिनोन्‌महिने लागणारी असतात.

मेडिकलच्या दुकानात ‘हे औषध येत नाही’ असे उत्तर मिळते तेव्हा त्याचे तीन वेगवेगळे अर्थ असू शकतात. एका विशिष्ट कंपनीचा माल आलेला नसतो, पण तेच औषध दुसऱ्या नावाने शेजारच्या फळीवर असते. किंवा औषधाचा एक प्रकार संपलेला असतो, म्हणजे द्रावण नसते पण इन्हेलर असतो, सरबत नसते पण गोळी असते. तिसरा अर्थ असा की ते औषधी द्रव्यच बाजारात नाही. पहिले दोन प्रसंग वरचेवर येतात, तिसरा क्वचित येतो; पण घाबरलेला रुग्ण बहुतेक वेळा तिसराच अर्थ गृहीत धरतो आणि औषध बंद करतो, किंवा हाताला येईल ते घेतो. टंचाईने होणाऱ्या नुकसानाचा मोठा भाग या गैरसमजातून होतो, असे माझे मत आहे.

टंचाई कशाची होते

मार्च २०२० मध्ये अमेरिकेत सालब्युटामॉलच्या इन्हेलरची चणचण सुरू झाली. तिकडे या औषधाला अल्ब्युटेरॉल म्हणतात. करोनाच्या रुग्णाला नेब्युलायझर लावला तर वाफेबरोबर विषाणू खोलीभर पसरेल या भीतीने रुग्णालयांनी नेब्युलायझर बाजूला ठेवून इन्हेलर वापरायला सुरुवात केली, घरोघरी लोकांनीही जास्तीचे इन्हेलर आणून ठेवले, आणि कारखाने पूर्वीइतकेच चालू असताना दुकाने रिकामी झाली. त्याच वर्षी ८ एप्रिल रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या जेनेरिक अल्ब्युटेरॉल इन्हेलरला मान्यता दिली आणि ऑगस्टमध्ये मुंबईच्याच ल्युपिनला. म्हणजे तेथील तुटवडा भरून काढण्यात मुंबईच्या दोन कंपन्यांचा हात लागला.

त्यानंतरचा प्रसंग अधिक बोलका आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेत अल्ब्युटेरॉलचे नेब्युलायझरचे द्रावण टंचाईच्या यादीत होते, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते बनवणारी एकॉर्न ही कंपनी बंद पडल्यावर लहान मुलांच्या रुग्णालयांची मोठी अडचण झाली. वर्तमानपत्रांतून मात्र ‘दम्याचे औषध संपले’ एवढेच पोहोचले आणि ज्यांच्या खिशात इन्हेलर होता तेही धास्तावले, जरी त्या वेळी इन्हेलरचा तुटवडा नव्हता. ब्रिटनमध्येही फेब्रुवारी २०२४ मध्ये सालब्युटामॉलच्या नेब्युलायझर द्रावणाच्या तुटवड्याबद्दल राष्ट्रीय पातळीवर सूचना काढावी लागली होती.

आणखी एक तऱ्हा आहे. १ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत फ्लोव्हेंट हा फ्लुटिकासोनचा जुना, नावाजलेला इन्हेलर कंपनीने बंद केला. तेच औषध विना-ब्रँड स्वरूपात बाजारात आणले गेले होते, पण अनेक विमा कंपन्यांच्या यादीत ते बसेना. औषध होते, फळीवर होते, तरीही अनेक घरांना ते मिळाले नाही. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे नवे नाही. सुट्टीत भारतातून परतताना सामानात इन्हेलर जातात ते यामुळेच. ते नेताना मूळ खोक्यात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि स्वतःपुरतेच न्यावेत.

आपल्याकडे सरकारी रुग्णालयांतला तुटवडा हा आणखी वेगळा विषय आहे, कारण तेथे प्रश्न उत्पादनापेक्षा खरेदीचा असतो. महाराष्ट्रात ही खरेदी काही वर्षे हाफकिन महामंडळाकडे होती आणि २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. जिल्हा रुग्णालयातून ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात येते तेव्हा ते औषध बाजारात बहुधा असते. ते परवडणे हा प्रश्न उरतो आणि तो कमी गंभीर नसतो.

नाक आणि छाती

परागज्वर, म्हणजे हे फीव्हर, आणि दमा ही दोन दुखणी वेगळी मानली जातात, पण नाकापासून फुप्फुसापर्यंतची वाट एकच आहे. परागकण, धुळीतल्या किड्यांची विष्ठा किंवा बुरशीचे बीजाणू नाकाच्या अस्तरावर पडतात. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या शरीराने त्यांच्याविरुद्ध आधीच आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करून ठेवलेली असतात आणि ती मास्ट पेशींना चिकटून बसलेली असतात. ओळखीचा कण आला की या पेशी फुटल्यासारख्या मोकळ्या होतात आणि हिस्टामिन बाहेर पडते: शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक, डोळ्यांची खाज. काही तासांनी दुसरी लाट येते, तिच्यात सूज असते आणि नाक चोंदते. हीच सूज श्वासनलिकांत उतरली, भोवतालचे स्नायू आवळले आणि चिकट कफ साचला की त्याला आपण दमा म्हणतो. दम्याच्या बहुसंख्य रुग्णांना नाकाचीही ॲलर्जी असते, आणि नाकाकडे दुर्लक्ष झाले की छाती आवरणे कठीण जाते.

महाराष्ट्रात याचा मुख्य हंगाम पावसाळा सरताना सुरू होतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात गवते फुलतात, माळरानावर आणि रस्त्यांच्या कडेला गाजरगवताचे पांढरे तुरे दिसतात, मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनची मळणी चालू असते, कोकणात भात झोडले जाते, आणि त्यातच दिवाळीचा धूर येतो. गाजरगवत, म्हणजे काँग्रेस गवत, मूळचे अमेरिका खंडातले. भारतात त्याची पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यातच झाली. त्याने त्वचेला होणारा त्रास शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे, पण त्याचे परागकण नाकालाही तितकेच झोंबतात. याच दिवसांत शहरांतली सातवीण फुलते आणि तिच्या उग्र वासाने कित्येकांना गुदमरल्यासारखे होते. किनारपट्टीवर चित्र निराळे आहे. मुंबई, रत्नागिरी, गोवा येथे दमट हवेमुळे गादी-उशीतले धूलिकीटक आणि भिंतीवरची बुरशी वर्षभर पाठ सोडत नाहीत, त्यामुळे तिथल्या रुग्णाला ठरावीक हंगाम नसतो आणि औषधही ठरावीक महिन्यांपुरते नसते.

कोणते औषध आधी सांभाळायचे

दम्याची औषधे दोन प्रकारची. सालब्युटामॉलसारखे आराम देणारे औषध आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते आणि त्याचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन ही श्वासावाटे घ्यायची स्टेरॉइड औषधे श्वासनलिकांची सूज उतरवतात. त्यांचा परिणाम सावकाश, दिवसांच्या आणि आठवड्यांच्या हिशेबाने दिसतो, म्हणूनच ती रोज घ्यावी लागतात. पहिले औषध म्हणजे गळक्या छपराखाली ठेवलेले पातेले आणि दुसरे म्हणजे कौले शाकारणे.

टंचाईची कुणकुण लागली की बहुतेक घरांत पातेली जमवली जातात. निळ्या, म्हणजे आराम देणाऱ्या, इन्हेलरचे तीन डबे कपाटात जातात आणि रोजचा इन्हेलर ‘सध्या बरे वाटते आहे’ म्हणून पुरवून पुरवून वापरला जातो. हे उलटे आहे. रोजचे औषध थांबवल्यावर पहिले काही दिवस काहीच होत नाही, आणि हेच त्यातले फसवे आहे; सूज हळूहळू परत येते आणि मग गवताच्या एखाद्या पट्ट्यातून जाणे किंवा साधी सर्दी झटक्याला पुरते. वर्षाला आराम देणाऱ्या औषधाचे तीन किंवा त्याहून अधिक इन्हेलर लागत असतील तर गंभीर झटक्याची शक्यता वाढते आणि बारा लागत असतील तर मृत्यूचाही धोका वाढतो, असे दम्याच्या उपचारांसाठी जगभर मानली जाणारी ‘जिना’ मार्गदर्शिका सांगते. याच मार्गदर्शिकेने २०१९ पासून प्रौढांचा आणि किशोरवयीनांचा दमा फक्त सालब्युटामॉलवर चालवू नये, असे सांगितले आहे. म्हणून पैसे थोडे असतील किंवा माल थोडा असेल, तर आधी रोजच्या औषधाची सोय करावी आणि आराम देणारा एक भरलेला इन्हेलर जवळ ठेवावा. रोजचे औषध नीट चालू असेल तर तो एक बराच काळ पुरतो.

इन्हेलरमध्ये किती औषध उरले आहे हे ओळखण्यासाठी तो पाण्यात टाकून पाहण्याची जुनी युक्ती भरवशाची नाही. रिकामा इन्हेलर हलवला तरी आत वायू असल्याने आवाज येतो आणि फवाराही उडतो, पण त्यात औषध नसते. आकडा दाखवणारी खिडकी नसेल तर खोक्यावर छापलेल्या फवाऱ्यांच्या संख्येला रोजच्या फवाऱ्यांनी भागून संपण्याची तारीख डब्यावरच लिहून ठेवावी, आणि त्याच्या दहा दिवस आधी दुकानात जावे. रोज चार फवारे घेणाऱ्याला १२० फवाऱ्यांचा डबा बरोबर तीस दिवस पुरतो.

छातीच्या औषधाला पर्याय

सालब्युटामॉलचा नेहमीचा ब्रँड नसेल तर दुसऱ्या कंपनीचे सालब्युटामॉल तेच काम करते. लेव्होसालब्युटामॉल हे त्याचेच जवळचे भावंड. सालब्युटामॉलच्या १०० मायक्रोग्रॅमच्या फवाऱ्याच्या जागी त्याचा ५० मायक्रोग्रॅमचा फवारा असतो. ज्यांना बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल यांचे मिश्रण असलेला इन्हेलर सुरू आहे, त्यांनी तोच इन्हेलर त्रास वाढला असता आराम देणारा म्हणूनही वापरता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे, कारण फॉर्मोटेरॉलचा परिणाम लवकर सुरू होतो आणि अशी पद्धत आता मान्य आहे. मात्र साल्मेटेरॉलच्या मिश्रणाला हे लागू नाही. ते सावकाश काम करते आणि झटक्यात त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. दोन्ही मिश्रणांचे डबे दिसायला सारखे असू शकतात, तेव्हा डब्यावरची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

नेब्युलायझरचे द्रावण मिळत नसेल तर काय, हा प्रश्न लहान मुलांच्या आईवडिलांना सर्वात जास्त छळतो. ‘मशीन लावल्याशिवाय बाळाला बरे वाटत नाही’ हा समज आपल्याकडे घट्ट आहे. पण सौम्य आणि मध्यम झटक्यात इन्हेलर स्पेसरला जोडून दिला तर तो नेब्युलायझरइतकाच उपयोगी पडतो, आणि ब्रिटनमधल्या २०२४ च्या टंचाईतही डॉक्टरांना हाच रस्ता सांगितला गेला. स्पेसर म्हणजे फवारा साठवणारी पोकळ नळी. तिच्यामुळे औषध घशावर आपटून वाया न जाता सावकाश श्वासाबरोबर खाली उतरते, साहजिकच त्याच डब्यातून अधिक फायदा मिळतो. बाजारात स्पेसरच नसेल तर? केप टाउनच्या बालरोगतज्ज्ञांनी पाचशे मिलिलिटरच्या साध्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला भोक पाडून, त्यात इन्हेलर घट्ट बसवून आणि फटी बंद करून मुलांवर चाचणी घेतली होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले: ही बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीस तोड ठरली. मला हे दम्याच्या संशोधनातले सर्वात उपयोगी कामांपैकी एक वाटते, कारण ते अगदी आडगावातही करता येण्यासारखे आहे. विकतचा स्पेसर भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळू द्यावा. फडक्याने पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटते.

झटक्यात स्पेसरमधून औषध देण्याची ऑस्ट्रेलियात प्रथमोपचार म्हणून शिकवली जाणारी रीत लक्षात ठेवायला सोपी आहे. रुग्णाला ताठ बसवावे, एका वेळी एक असे चार फवारे द्यावेत, प्रत्येक फवाऱ्यानंतर स्पेसरमधूनच चार श्वास घ्यायला लावावेत, चार मिनिटे थांबावे आणि आराम नसेल तर पुन्हा तसेच करावे. तोवर रुग्णवाहिका बोलावलेली असावी.

सालब्युटामॉलच्या गोळ्यांकडे वळण्याचा मोह होतो, कारण त्या स्वस्त असतात. पण ४ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे मात्रेच्या हिशेबाने चाळीस फवाऱ्यांइतके औषध रक्तातून सगळ्या शरीरभर फिरवायचे. हात थरथरतात, छाती धडधडते, आणि इतके करून परिणाम मात्र उशिरा आणि कमी. थिओफिलिनच्या गटातल्या जुन्या गोळ्याही अशा वेळी पुन्हा चिठ्ठीवर दिसू लागतात. त्यांची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असते, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक सोबत घेतल्यास रक्तातले प्रमाण वाढू शकते, त्यामुळे त्या शेजाऱ्याच्या सल्ल्याने घेण्याच्या नाहीत.

रोजच्या स्टेरॉइड इन्हेलरची अदलाबदल अधिक जपून करावी लागते. बुडेसोनाइडचे २०० मायक्रोग्रॅम आणि फ्लुटिकासोनचे २०० मायक्रोग्रॅम सारख्या ताकदीचे नाहीत, म्हणून आकडा जुळवून दुसरा डबा घेणे चुकीचे. ते गणित डॉक्टरांनी करायचे. साधनही बदलते. फवाऱ्याच्या इन्हेलरमध्ये श्वास सावकाश आणि खोल घ्यायचा असतो, तर कॅप्सूल घालून वापरायच्या कोरड्या पुडीच्या साधनात जोराने. या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण आजही भेटतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कुणीतरी हातात देताना दोन मिनिटे समजावून सांगायला हवे होते. साधन बदलले की दुकानदारासमोर किंवा डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवावे, आणि स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरावी.

गर्भवती स्त्रिया टंचाई नसतानाही भीतीपोटी इन्हेलर सोडतात, टंचाई तर आयतेच निमित्त होते. पोटातल्या बाळाला औषधापेक्षा आईला झटका येऊन प्राणवायू कमी पडण्याचा धोका मोठा असतो. श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडमध्ये बुडेसोनाइडचा गर्भारपणातला अनुभव सर्वाधिक आहे, तेव्हा बदल करावाच लागला तर डॉक्टर बहुधा त्याचाच विचार करतात.

नाकाच्या औषधाला पर्याय

येथे पर्याय भरपूर आहेत, म्हणून फार काळजीचे कारण नाही. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन ही नव्या पिढीची औषधे बहुतेकांच्या बाबतीत एकमेकांची जागा घेऊ शकतात. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेऊ नये, कारण संत्र्याचा किंवा सफरचंदाचा रस त्याचे शोषण कमी करतो. जुने क्लोरफेनिरामिनही शिंका थांबवते, पण गुंगी आणते. ते घेऊन दुचाकी चालवू नये किंवा मळणीयंत्रावर उभे राहू नये. आपल्याकडे मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिनची एकत्र गोळी सर्रास दिली जाते. ती गोळी नसेल तर दोन्ही औषधे वेगवेगळी मिळतात का हे विचारावे, आणि मुळात दोन्हींची गरज आहे का हेही विचारावे, कारण मॉन्टेलुकास्टमुळे काहींना झोप, मनःस्थिती आणि वागणुकीचे त्रास होतात, ज्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये सर्वात कडक स्वरूपाचा इशारा दिला.

वर्षानुवर्षे रोज सेटिरिझिन घेणाऱ्याचे औषध अचानक तुटले तर काही थोड्या जणांना दोन-चार दिवसांत अंगभर तीव्र खाज सुटते. २०२५ च्या मे महिन्यात याबद्दलही अमेरिकेत इशारा देण्यात आला. हे माहीत नसले की माणूस त्याला नवी ॲलर्जी समजतो.

चोंदलेल्या नाकाला गोळीपेक्षा नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा अधिक गुणकारी असतो. फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड यांपैकी एक नसेल तर दुसरा चालतो. मान किंचित पुढे झुकवून नळीचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न वळवता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने वळवावे. पडद्यावर मारत राहिले की रक्त येते. पूर्ण परिणाम यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून ज्यांचा त्रास दरवर्षी नवरात्रात सुरू होतो त्यांनी गणपती उठताच फवारा सुरू करावा. चटकन नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब पाच दिवसांहून अधिक वापरले तर नाक त्यांच्यावाचून उघडेनासे होते.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा टंचाई न होणारा उपाय आहे आणि जलनेतीमुळे आपल्याला परकाही नाही. आयोडीनविरहित मीठ तीन चमचे आणि खाण्याचा सोडा एक चमचा एकत्र करून ठेवावा, आणि त्यातला एक लहान चमचा पाव लिटर पाण्यात घालावा. पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळलेले आणि नंतर कोमट केलेले असले पाहिजे. नळाचे, विहिरीचे किंवा नुसते फिल्टरचे पाणी नाकात घेऊ नये, कारण त्यातला दुर्मीळ अमीबा नाकावाटे मेंदूत पोहोचला तर आजार बहुधा प्राणघातक ठरतो.

लहान मुलांचे ॲलर्जीचे सरबत मिळाले नाही की सर्दीचे मिश्र सरबत आणले जाते. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला आहे. बाटलीवर तशी सूचना असते. उच्च रक्तदाबाच्या मोठ्या माणसांनीही फेनिलेफ्रिनपासून दूर राहावे.

जे अजिबात करू नये

औषध तुटल्यावर गावोगावी दोन गोष्टी हमखास पुढे येतात. एक, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय. दुसरी, दम्यावर रामबाण म्हणून विकले जाणारे बिननावाचे चूर्ण, ज्यात कधीकधी हेच स्टेरॉइड गुपचूप मिसळलेले असते. दोन्हींनी आराम पडतो आणि तोच घात करतो. साखर, रक्तदाब, हाडे यांवर परिणाम होतोच, शिवाय बरेच दिवस घेतल्यावर शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी करते, आणि मग गोळी अचानक बंद करणेही जिवावर बेतू शकते. झटक्यात डॉक्टर याच गोळ्या काही दिवसांसाठी देतात, ते वेगळे आणि आवश्यक असते. मृगाच्या सुमारास हैदराबादला जिवंत मासा गिळायला जाणाऱ्यांत आपल्याकडचेही बरेच असतात. त्याने दमा बरा होतो याला वैद्यकीय पुरावा नाही, आणि तेवढ्या विश्वासावर रोजचा इन्हेलर सोडणे मात्र निश्चित धोक्याचे आहे.

औषधाची गरज कमी करणाऱ्या घरगुती गोष्टी साध्या आहेत. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा साठ अंश तापलेल्या पाण्यात धुवावेत. नुसते उन्हात घालून किडे मरतात, पण त्रास देणारा अंश कापडातच राहतो. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. मळणीच्या वेळी एन-९५ मास्क लावावा, शेतातून आल्यावर कपडे बदलून डोके धुवावे, आणि मच्छर अगरबत्ती, धूप व चुलीचा धूर रुग्णाच्या झोपण्याच्या खोलीपासून दूर ठेवावा. गाजरगवत उपटायचे तर फुलण्याआधी, हातमोजे घालून, आणि ॲलर्जी नसलेल्या माणसाने.

रुग्णाला एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, बोटावरच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९२ च्या खाली असेल, किंवा इन्हेलरचा आराम चार तासही टिकत नसेल, तर पर्याय शोधण्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. घरघर एकाएकी थांबली आणि रुग्ण मात्र गळून गेला, तर ती सुधारणा नसते, हवा आत-बाहेर जाणेच कमी झालेले असते.

चिठ्ठी आणि तक्रार

आपल्या औषध नियमांनुसार दुकानदाराला चिठ्ठीवरच्या औषधाऐवजी दुसऱ्या कंपनीचे औषध, ते द्रव्य तेच असले तरी, स्वतःच्या मर्जीने देता येत नाही. म्हणून डॉक्टरांना ब्रँडबरोबर मूळ औषधाचे नाव, मात्रा आणि चालेल असा एक पर्याय चिठ्ठीवरच लिहून देण्याची विनंती करावी. ही दोन ओळींची भर असेल तर जनऔषधी केंद्रातही विचारणा करता येते आणि रात्री अकरा वाजता डॉक्टरांना फोन करण्याची वेळ येत नाही.

किंमत नियंत्रणाखालील औषधाचे उत्पादन बंद करायचे असेल तर कंपनीने किमान सहा महिने आधी जाहीर सूचना द्यावी आणि सरकारला कळवावे, असे २०१३ चा औषध किंमत नियंत्रण आदेश सांगतो; गरज वाटली तर सरकार तिला आणखी एक वर्षापर्यंत उत्पादन चालू ठेवायला लावू शकते. पण तुटवडा कुठे आहे हे वर कळायला कुणीतरी कळवावे लागते. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाच्या ‘फार्मा जन समाधान’ या व्यवस्थेत औषध न मिळाल्याची तक्रार सामान्य माणसालाही करता येते. त्यासाठी औषधाचे नाव, प्रकार, मात्रा, कंपनी आणि ज्या दुकानांत विचारले त्यांची ठिकाणे एवढी माहिती हाताशी ठेवावी.